डावखुरा

गुरुवारी रात्री आठला
आमच्या घरात कुणी जेवायचं नाही.

डुलुथच्या चढावरची तिसरी गल्ली,
खाली तलाव, आणि खोलीत एक लाकडी खोकं,
त्यावर अँटेनाचे दोन कान, चांदीच्या कागदात गुंडाळलेले.
डावा कान मी धरला की चित्र स्थिर,
सोडला की मुंग्याच मुंग्या.
आयलीने धरून पाहिला, आईने पाहिला, नाहीच.
बाबा म्हणाले, हेल्मीच्या अंगात लोखंड आहे.
ते धक्क्यावर बोटींमध्ये खनिज भरायचे,
शनिवारच्या सौनानंतरही
त्यांच्या नखांतली लाल धूळ हटायची नाही.
लोखंडाच्या बाबतीत त्यांना कोण खोटं पाडणार?

तर आयली कोचावर, मांडीवर लाह्यांचं भांडं,
आणि मी टीव्हीच्या मागे,
खुंटीला टांगल्यासारखी.
पडद्यावरच्या मुंग्या
माझ्या दंडात चढायच्या.

तिला तो समोर दिसायचा. डेप्युटी. रॉस हॅलिडन.
मला दिसायचा समोरच्या खिडकीच्या काचेत.
बाहेर काळोख, तलाव गोठलेला,
दूर अडकलेल्या बोटीचे दोन दिवे,
आणि त्या दिव्यांमधून
तो घोडा घालायचा थेट बर्फावर.
वाळवंट आयलीच्या वाट्याला आलं.
माझा डेप्युटी उणे वीसमध्ये
नुसत्या सदऱ्यावर हिंडायचा,
मला त्याच्या कानांची काळजी वाटायची.

नाव मी उलटंच वाचायला शिकले.
भांग उजवीकडे. पिस्तूल डाव्या हातात.
डाव्या गालावर तीळ.

उजव्या, आयली म्हणाली.
डाव्या.
उजव्या, गाढवे, मी रोज बघते.
रोज नाही, गुरुवारी, मी म्हणाले,
आणि तीन दिवस आम्ही बोललो नाही.

मग तिने त्याला पत्र लिहिलं,
मार्चमध्ये फोटो आला, खाली सही.
तिने बोटाला थुंकी लावून सहीवर फिरवली.
शाई पसरली नाही. छापील.
कोपऱ्यात जाऊन रडली, तरी फोटो उशीखालीच ठेवला.
मी एकदा चोरून पाहिला: तीळ उजव्या गालावर.
छापखानेवाल्यांनी चूक केली, मी ठरवलं.
अकरा वर्षांच्या मुलीला
छापखान्याला माफ करणं जड जात नाही.

एमिल मला भेटला वाचनालयात,
खनिजाच्या बोटीवर स्वयंपाकी होता.
वहीत सही केली डाव्या हाताने,
लिहिलेलं पुसत पुसत,
तळहाताची कड निळी करून.
माझ्या पोटात काहीतरी घोड्यावर बसलं.
एक्केचाळीस वर्षं जेवताना
आमची कोपरं एकमेकांवर आपटली.
जागा बदलूया का, तो विचारायचा.
मी नको म्हणायचे, कारण सांगायचे नाही.

आता आयलीच्या आश्रमात
दुपारी जुन्या मालिका लावतात.
पडदा भिंतीएवढा, मुंगीला जागा नाही.
काल मी त्याला पहिल्यांदा सरळ पाहिलं.
भलताच माणूस.
भांग चुकीचा, हात चुकीचा,
घाबरल्यावर हसतो तेही दुसऱ्याच बाजूने.
बरा होता दिसायला. आयलीची आवड वाईट नव्हती.

ती मला कधी नर्स समजते, कधी आई.
मी पाणी आणायला उठले तर म्हणाली,
हलू नकोस हेल्मी, चित्र जातं.

धरायला काहीच नव्हतं.
मी हात वर केला, हवेतच,
आणि पलंगाच्या डोक्याशी उभी राहिले.
डिसेंबर. साडेचारलाच काळोख.
काचेत हळूहळू खोली उमटली,
बर्फ उपसणारी गाडी, तिचा पिवळा दिवा,
वाहनतळावर झाकलेल्या मोटारींच्या रांगा,
आणि त्यांच्यामधून, टोपी न घालता,
कान लाल झालेले असणार,
नक्कीच