फेरी क्रमांक एकशे सदतीस

छापील यादीत त्याची एकच ओळ आहे.
स्टँपर, व्हर्लिन. शर्यती एकेचाळीस. विजय शून्य.
पहिल्या दहात: शून्य.
ते शेवटचं शून्य माझ्या हातचं.

तेव्हा फेऱ्या मोजायला यंत्रं नव्हती.
प्रत्येक गाडीमागे एक माणूस, बहुतेक बायकोच,
फळ्यांच्या माचावर, मांडीवर तक्ता घेऊन.
गाडी समोरून गेली की घड्याळ बघायचं, आकडा टाकायचा.
व्हर्लिनची फोर्ड आठ नंबरची.
आठ का, तर जुन्या मालकाने आठ रंगवला होता
आणि रंगाला पैसे पडतात.
टायर श्रीमंतांनी टाकून दिलेले.

आठवडाभर तो गिरणीत लाकडं कापायचा.
शनिवारी कानातला भुसा झटकून
त्याच कानांत कापूस कोंबायचा.
जिंकायला जातोय असं कधी म्हणाला नाही.
म्हणायचा, "बघू, गाडी घरी येते का."
कधी गिअरबॉक्स जायचा, कधी रेडिएटर.
एकदा स्टिअरिंगच हातात आलं,
ते त्याने खिडकीतून मला उंच धरून दाखवलं,
मोठा मासा गळाला लागल्यासारखं.

मग तो ऑगस्ट. टेनेसीतला लाल मातीचा ट्रॅक, दोनशे फेऱ्या.
त्या रात्री काहीच मोडेना.
चांगल्या गाड्या एकेक करून वाफ सोडत बसल्या
आणि हा, चर्चमध्ये उशिरा आलेला माणूस
बाकांमधून गुडघे चुकवत सरकतो, तसा पुढे सरकत गेला.

माझ्या शेजारी ओरेटा होती, लाँझो प्रूइटची बायको,
लग्नाला सात आठवडे झालेली.
लाँझोची गाडी कठड्यावर चढली, उलटली
आणि पलीकडच्या अंधारात गेली.
ओरेटा ओरडली नाही.
पेन्सिलचं टोक मोडलं तरी ती कागदावर दाबत राहिली.
मी तिचा हात धरला.
उजव्या हाताने. लिहायच्या हाताने.

किती वेळ? लाँझो एका पायात बूट घालून
कठडा चढून आला आणि लोकांना टोपी दाखवू लागला, मूर्ख,
तेवढा वेळ.
तेवढ्यात आठ नंबर समोरून गेली असणार.

तक्त्यात एक घर कोरं.
अंदाजाने भरता आलं असतं, कुणाला कळलं नसतं.
पण माझा बाप खाणीवर कोळसा तोलायचा,
काट्यावर न बघितलेला आकडा त्याने उभ्या जन्मात लिहिला नाही.
त्याचा हा वारसा मला नको तेव्हा उपयोगी पडला.

अकरावा, असं भोंग्यावर सांगितलं.
ती एक फेरी धरली तर नववा.

पेट्रोल पंपावर, ब्रेडचा तुकडा मोडता मोडता, मी तोंड उघडलं.
तो म्हणाला, "नेओमा, मी पण मोजत होतो."
मग बराच वेळ चावत राहिला.
"पहिल्या दहांचा फोटो काढतात.
माझा पुढचा दात पडलाय."

ओरेटाला मी हे कधी सांगितलं नाही.
लाँझो पुढे विमा विकायला लागला. चांगला विकला.

घर एकशे ऐंशी मैल.
शर्यतीच्या गाडीला दिवे नसत, म्हणून साखळीने बांधून न्यायची:
पिकअप मी चालवायची,
मागच्या गाडीत तो, अंधारात, ब्रेक सांभाळत.
डोंगरातला रस्ता, उजवी वळणंही होती,
ती त्याला जरा जडच जायची.
आरशात तो दिसत नव्हता. साखळी ताणली की कळायचं, आहे.

पहाटे अंगणात गाडी थांबवून उतरला, पाठ मोडून घेतली,
म्हणाला, "आज दुसरा आलो."
आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेला.