पक्की प्रत

त्सियालाबाई पेन्सिलीने लिहितात,
बंद पडलेल्या रेशीम कारखान्याच्या हिशेबवह्यांत.
उजव्या पानावर कादंबरी,
डावं पान कोरं, पुढच्या पश्चात्तापासाठी.
कुताइसीत या हिवाळ्यात वीज येते
संध्याकाळी दोन तास.
त्या दोन तासांत मी त्यांचं अक्षर लावतो
आणि शाईने पक्की प्रत करतो.

चाळीस वर्षं मी नकाशांवर नावं लिहिली.
नदी लिहायची ती वाकडी, प्रवाहाच्या अंगाने,
डोंगर लिहायचा तर अक्षरं विरळ, ऐसपैस.
म्हणून त्या म्हणाल्या, बोंदो, तुमचा हात स्वच्छ आहे.
मोबदला : महिन्याला एक पिशवी अक्रोड,
त्यातले निम्मे खवट.

पहिल्या खर्ड्यात सगळेच जिवंत असतात.
पाणचक्कीवाला, त्याच्या दोन बायका,
तिसरीचा नुसता उल्लेख,
एक खेचर.
खेचराला चार पानं.

दुसऱ्यात कात्री येते.
परिच्छेद कापून भलतीकडे डकवतात,
कणकेची खळ लावून.
त्या खळीपायी उंदरांनी सातवं प्रकरण खाल्लं
तेव्हा बाई म्हणाल्या, बरं झालं,
तिथे रेंगाळतच होतं.

तिसऱ्यात नुसत्या रेघा.
हलकी असेल तर वाक्य परत येऊ शकतं.
दोनदा ओढली असेल तर आशा सोडायची.
आणि कागद फाटेपर्यंत ओढलेली असली
तर ते वाक्य त्यांच्या भावाबद्दल असतं.
मी विचारत नाही.

चौथ्या वहीत मला एक माणूस भेटला.
पुरात जायच्या गावी मोजणीला आलेला,
बोटांना शाई, कानावर पेन्सिल,
सूप पिताना काचांवर वाफ धरते म्हणून
चष्मा काढून ठेवणारा
आणि मग भिंतीकडे बघून हसणारा.
मी चष्मा काढला. पुसला. पुन्हा वाचलं.
तो चक्कीवाल्याच्या विधवेला काहीतरी सांगायला
सहा पानं दारात उभा आहे
आणि सांगत नाही.

वीज गेल्यावरही ती सहा पानं
मला दिसत होती.

पाचव्या वहीत दार आहे, विधवा आहे,
पाणी उंबऱ्याला लागलंय.
दारात कोणी नाही.
डाव्या पानावर, बारीक :
हा कशाला? याच्याविनाही पूर येतोच.

खरं आहे. येतोच.
माझ्या हातात पेन्सिल असती
तर मीही हेच लिहिलं असतं, कदाचित इतकं सभ्य नाही.
खेचर मात्र ठेवलंय. दीड पान.

काल प्रत करताना,
विधवा दार लावते त्या वाक्याआधी
मी एक ओळ मोकळी सोडली.
शब्द नाही, खूण नाही.
ज्या जागेची मोजणी झाली नाही
ती नकाशात पांढरी ठेवतात, तशी.

आज बाईंनी पानं तपासली,
अक्षराखालून बोट सरकवत.
त्या ओळीपाशी बोट थांबलं.
उठून चुलीत एक लाकूड सारलं,
परत येऊन बसल्या.
कागद महाग झालाय, बोंदो,
म्हणाल्या,
आणि पान उलटलं.