रिकामा पाय

दाबोळीवर आज एकही ढग नाही.
ढग माझ्या कपाळावर बांधलाय, प्लास्टिकचा;
त्याखाली सहा तबकड्या, बाकी जग बंद.

आथाईद सर न बोलता
डावा थ्रॉटल मागे ओढतात.
विमान मान वळवतं,
जुवारीकडे की समुद्राकडे, दिसत नाही.

जो पाय रिकामा, त्या बाजूचं इंजिन मेलं:
पाठ केलेलं वाक्य पोटरीत थरथरतं.
डावा पाय
पाहुण्यासारखा अवघडून बसलेला.

काट्यांची फुली मध्ये धरते. निसटते. धरते.
"सवकाश," एवढंच. मग तोंडात बडीशेप.

दोनशे फूट. हूड वर.
धावपट्टी जरा उजवीकडे,
पण आहे.

निकाल उद्या.
वास्कोच्या बसमध्ये
उजवा पाय अजून
पुढची सीट रेटतोय.
म्हातारी वळून म्हणते,
"पांय काड गो, बाय."