दोन नंबरचं बेअरिंग

डोळ्यांत तेल घालून मी रात्रपाळीला बसते,
आणि सोमवारी तेलातच डोळे घालते.
बाटली दिव्यासमोर धरायची, हलवायची, थांबायचं.
ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा दिसली चमक,
माशाचं एखादं खवलं खलून टाकावं तेवढीच.

पडद्यावरची रेघही तेव्हापासून चढती.
शाफ्ट आधी अर्ध्या केसाइतका डुलायचा,
नाताळापर्यंत दीड केस.
कुणाचा केस, असं नुग्झार विचारतो.
त्याचे स्वतःचे आता मोजण्याइतकेच उरलेत.

नुग्झारकडे बीचच्या लाकडाची दांडी आहे, वीतभर.
एक टोक टर्बाइनच्या पोटाला, दुसरं दातांत.
डोळे मिटतो, जिवाचा कान करतो.
कान फसवतो, म्हणतो, जबडा फसवत नाही.
चौतीस वर्षांत त्याने चार बेअरिंगं
जळायच्या आधी पकडली, तेव्हा
माझा हा पडदा नव्हता, मीही नव्हते.

"काय म्हणतंय?"
"काहीच नाही," दांडी बाहीला पुसत तो म्हणाला.
मी वहीत लिहिलं: काहीच नाही.
खाली, बारीक अक्षरात: दुखणं अंगावर काढतंय.

कारण मला दिसलं होतं,
मागून हाक मारली तर तो वळत नाही.
फोन वाजतो, आणि आधी कुत्रं उठतं.

मग ठरवायचं होतं, बंद कधी ठेवायचं.
कागदावर सोपं असतं:
अकरा दिवस, चार माणसं, एक क्रेन.
पण एक नंबर सहा वर्षांपासून नुसती सुट्या भागांची खाण,
आणि कॉकेशसच्या या खोऱ्यात खालून येणारी लाइन
बर्फाचा कडा कोसळला की आडवी.
दोन नंबर थांबलं तर ल्खेरी गाव अंधारात.
जानेवारीत नको, मझेविनारचे दिवस भरत आलेत.
एप्रिलमध्ये नदी कुणाचं ऐकत नाही.
मी फेब्रुवारीची पाच तारीख लिहिली
तर त्सिआला स्वतः चढून आली, गुडघ्यापर्यंत बर्फ.
नवऱ्याचा चाळिसावा नऊला.
दोनशे पानं उठायची, कुब्दारी भाजायला विजेच्या भट्ट्या.
"मेलेल्या माणसाला पुढे ढकलता येत नाही, पोरी.
लोखंडाला येतं."

पाच खोडून दहा केलं.
त्या पाच रात्री भार उतरवून ठेवला, आणि ती रेघ
तापलेल्या पोराच्या कपाळासारखी
घटके-घटकेला चाचपली.

दहाला पाणी बंद.
एवढी शांतता, की खोऱ्यातली कुत्री भुंकायला लागली.
बेअरिंग उघडलं. पांढरा धातू ओघळलेला,
ताटाच्या कडेला थिजलेल्या तुपासारखा.
नुग्झारने त्यावर अंगठा फिरवला. बराच वेळ.
मग माझ्याकडे न बघता,
"किती आठवडे माहीत होतं?"
मी त्याच्या समोर जाऊन बोटांवर दाखवलं. सतरा.
तो काही बोलला नाही.
बोलला असेल तर फार हळू.

नवं बेअरिंग त्यानेच बसवलं.
निळी शाई फासायची, शाफ्ट टेकवायचा, उचलायचा,
निळं जिथे उठेल तिथे तेवढंच खरवडायचं,
पुन्हा शाई.
सहा दिवस असंच, बोटांच्या टोकांनी.
तरण्या पोरांपैकी एकाला शेजारी बसवलं होतं,
त्याचा हात धरून धरून.

एकविसाला पाणी सोडलं.
रेघ अर्ध्या केसावर येऊन आडवी पडली.
त्याने दांडी दातांत धरली, डोळे मिटले.
उघडले तेव्हा मी समोरच उभी होते.
ओठ नीट हलवत विचारलं, "काय म्हणतंय?"
"काहीच नाही."

मी वहीत लिहिलं: काहीच नाही.
पुढची तपासणी सोमवारी.
तेल, पडदा, दांडी.