खो

डिसेंबर सरत आलाय. डुलुथ. उणे एकोणीस.
टेबलाखाली हीटर, टेबलावर उघडं सर्किट,
एक तांबडा दिवा, एक वाकडी अँटेना.
खिडकीबाहेर सरोवरात तीन जहाजं
नांगर टाकून उभी कालपासून.
धक्क्यावर जागा नाही म्हणे.

तक्रार धान्याच्या कोठारातून आली:
हातातले स्कॅनर दिवसातून एकदा मुके होतात.
सिग्नल पूर्ण, बॅटरी पूर्ण, पाठवत काहीच नाहीत.
बंद करून चालू केले की पुन्हा बोलतात.
‘माझ्या भावासारखे,’ राउनो कोस्केला म्हणाला,
‘फक्त त्याला ते बटण नाही.’

ड्रायव्हर माझा. म्हणजे पाप माझं.
दोनशे छप्पन्न घरांची एक गोल रांग.
वरून पॅकेट येतात, बसतात.
खालून रेडिओ एकेक उचलतो, हवा मोकळी असेल तेव्हा.
हवा सगळ्यांची, आधी ऐकायचं मग बोलायचं.
आवाजाची रांग निराळी, तिला पहिला मान,
मग चित्रं, मग आपण सामान्य,
आणि तळाशी ते काम ज्याला घाई नसते,
किंवा असली तरी विचारतो कोण.
घरं भरली की वर सांगायचं: थांबा.
रिकामी झाली की: या.
एवढ्याचाच मला पगार मिळतो.

ब्रेंडा म्हणाली, रांग मोठी करा ना.
केली. चार हजार घरं.
मुकेपणा तीन दिवसांवर गेला
आणि ट्रकचं वजन चार सेकंद उशिरा पोचू लागलं,
तोवर ट्रक फाटकाबाहेर.
पुन्हा दोनशे छप्पन्न.

मग ओळीओळीला छापून पाहिलं.
छापलं की होतच नाही!
दुधासारखं: समोर उभं राहिलं की उतू जात नाही.

तिसऱ्या रात्री एक स्कॅनर मुका असतानाच हाती लागला.
आत डोकावले.
रांग अख्खी रिकामी.
दार बंद.

कऱ्हाडच्या शाळेत आम्ही खो-खो खेळायचो.
बसलेल्याने उठायचं नाही, पाठीवर थाप पडेस्तोवर.
इथे काय झालं, तर मी पाहिलं: भरलंय.
थांबा म्हणायला तोंड उघडलं.
तेवढ्यात पलीकडच्या प्रोसेसरवर तो आला,
सगळी घरं रिकामी करून, बघून:
कुणी बसलंय का? कुणीच नाही.
मग खो कुणाला देणार? गेला.
आणि त्यानंतर मी बसले.
आता उचलायला काही नाही, म्हणून तो येणार नाही.
तो येणार नाही, म्हणून मी उठणार नाही.
नियम दोघांनीही पाळला.

दुरुस्ती तीन ओळींची.
थांबल्यावर पुन्हा एकदा वळून बघ,
जागा झाली असेल तर स्वतःच ऊठ.
आणि मध्ये एक अडसर,
कारण प्रोसेसर चलाख,
आधी बघून घेतो आणि मग थांबल्याचं दाखवतो.

सकाळी राउनोला फळ्यावर काढून दाखवलं.
तो कॉफीचा कप दोन्ही हातांत धरून बघत राहिला.
मी सहज विचारलं, भावाने फोन केला असेल तर?
‘केला असता तर वाजला असता.’
त्याच्याकडे नंबर कुठला आहे?
बराच वेळ हीटरचाच आवाज.
‘जुना,’ तो म्हणाला,
आणि गाडीवरचा बर्फ खरवडायला खाली गेला.
तासाभरापूर्वीच खरवडला होता त्याने.

मी पॅच पाठवला.
खिडकीत उचलपूल वर चालला होता,
दोन्हीकडे गाड्या थांबलेल्या, धुराड्यांतून वाफ.
पहिल्या जहाजाने भोंगा दिला.
पुलाने उत्तर दिलं.
उरलेली दोन अजून तिथेच होती.