पेरामा, आणि जवळपास

बस, साकिब. चहा येतोय. कागद घे.
मोबाईलवर मिळेल ते तू बघशीलच,
मी सांगतो ते त्यात नसेल.

पेरामा म्हणजे अथेन्स नव्हे.
अथेन्सवाल्याला विचारलंस तर म्हणेल, तिथे काय, गंज आहे.
खरंय. गंज आहे.
सत्त्याऐंशीला आमचं जहाज तिथे सात आठवडे
कोरड्या गोदीत उभं होतं, शाफ्ट काढलेला,
पोट उघडं टाकून डॉक्टर जेवायला गेल्यासारखं.

गाव डोंगराला धरून चढतं.
खाली लोखंड, वर लिंबाची झाडं, मध्ये नुसत्या पायऱ्या
आणि दोरीवर निळे डांगरी कपडे,
डाग आपल्यासारखेच, न निघणारे.
तिसऱ्या वळणावर स्टाव्रूलाबाईची बेकरी. आता असेल, नसेल.
तिथे पावाचं कडं मिळतं, तीळ लावलेलं,
मनगटात घालून चालता येईल एवढं.
सहाच्या आत जा. नंतर कडंही वातड, बाईही.

सुट्टी मिळाली की समोरच्या सालामिना बेटावर जा.
फेरीबोट, पाव तास.
भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला निघाल्यासारखं वाटेल,
फक्त कोळणी नाहीत, त्यामुळे फार शांत. मला झोप लागली होती.

दाफ्नीचा मठ. बस बदलावी लागते.
घुमटातून एक चेहरा बघतो, सोन्याच्या तुकड्यांचा,
अगदी आमचे चीफ इंजिनियर :
काय बिघडलंय ते त्यांना आधीच माहीत,
तुझ्या तोंडून ऐकायचं असतं.
मी बराच वेळ उभा होतो. कुणी हटकलं नाही.

आणि मागचा डोंगर.
इराणच्या बादशहाने तिथे म्हणे खुर्ची टाकली होती,
खालची लढाई नीट दिसावी म्हणून.
संध्याकाळपर्यंत त्याचीच जहाजं बुडताना बघितली त्याने.
खुर्ची कुठली जागा, विचारलं तर हसतात.
स्टाव्रूलाच्या नवऱ्याने मला नेलं,
तिथे पाण्याची टाकी होती, आणि एक बकरी.

एकदा बाईने विचारलं,
तू राहतोस तिथे जवळपास बघायला काय?
माझ्याकडे ग्रीक शब्द चार, बाकी हात.
म्हटलं, रे रोड. दारूखाना.
मग?
मग काही सुचेना. हातांनी दाखवलं : जहाजं तोडतात.
तिने छातीवर क्रूस काढला
आणि एक कडं फुकट दिलं.

तीनसालच्या मार्चात आमचं ते जहाज आलं दारूखान्यात.
दोनदा नाव बदललेलं, रंग वेगळा.
मी ओळखलं ते इंजिनरूमच्या दारापाशी,
माझ्याच वेल्डिंगवरून. पेरामात अंगात ताप असताना मारलेलं,
वाकडं. सोळा वर्षं टिकलं.
चाळीस दिवस कापत होते.
मी रोज हनीफच्या टपरीवरची प्लास्टिकची खुर्ची ओढून बसायचो.
पोरं विचारायची, चाचा, कुणाची वाट बघताय?
म्हणायचो, चहाची.

तर तुला कुणी विचारलं,
माझ्यासारखा मुका होऊ नकोस. लिही :
शिवडीचा किल्ला, आणि थंडीत त्याच्याखालच्या चिखलात
फ्लेमिंगो, हजारोंनी, एका पायावर,
शिफ्ट सुटायची वाट बघितल्यासारखे.
भंडारवाड्याची टेकडी, दिवे लागताना. अख्खं बंदर दिसतं.
धक्क्यावरचा मासळीचा लिलाव, पहाटे,
जुनी चप्पल घालून.
दारूखाना पण लिही. लाजायचं काय त्यात.
हनीफ गेला, मुलगा चालवतो टपरी.
खुर्चीचा एक पाय तारेने बांधलाय.
विचारलं तर दाखवतील.

झालं. पासपोर्टची झेरॉक्स वेगळी ठेव.
आणि ती कडी दुसऱ्या दिवशीच दगड होतात,
इथे पोचेपर्यंत दात पडतील माझे उरलेले.
तरी आण.