जुडीमागे एक

मनोऱ्यापासून तिसरा गाळा माझा.
बोंद्रेबाई शनिवारी येतात,
चष्म्याला दोरी, पिशवीला ठिगळ.
कुठल्याशा कॉलेजात झाडं शिकवायच्या.
घासाघीस करत नाहीत.
कोथिंबिरीची जुडी उचलतात
आणि पैशाऐवजी
काहीतरी सांगून जातात.

पोपटाला म्हणे मिरची झोंबतच नाही.
पाखरांच्या जिभेला ती आग कळत नाही,
आपल्याला कळते, उंदराला कळते.
मी म्हटलं, बाई, आमच्या धाकट्या जावेलाही
तपासून बघा एकदा.

केळीला खोड नसतं.
पानांचे देठ एकमेकांना बिलगतात,
त्यालाच आपण झाड म्हणतो.
आणि कांदा चिरेपर्यंत
रडवणारं त्यात काही नसतंच,
दोन वेगळ्या खोल्यांत दोन गोष्टी गप्प बसलेल्या,
सुरी मधली भिंत पाडते.
हे मला पटलं.
आमच्याकडे घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा
उलटं झालं होतं एवढंच.

सासवडची अंजिरं आली त्या दिवशी म्हणाल्या,
हौसा नव्हे, "अगं ए" म्हणाल्या,
हे फळ नाही, फुलांची पिशवी आहे.
शेकडो फुलं, आतल्या आत, तोंड मिटून.
मी एक फोडलं.
गिऱ्हाईक पावशेर गवारीसाठी खोळंबलं होतं.
खोळंबू दे.

मग आली एकादशी.
साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे, मिरची,
बाईंनी बोटं मोडून मोजलं,
चारही समुद्रापलीकडून आलेत, अमेरिकेच्या मातीतले,
पाचशे वर्षांपूर्वी इथं
यांचं नावसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं.
मला हसू आवरेना.
संध्याकाळी काशेवाडीत सासूला सांगितलं,
तुमच्या खिचडीत आपलं फक्त तूप आहे.
चांगुणाबाईंनी घास थांबवला नाही.
म्हणाल्या, लांबून आलेत ना बिचारे?
मग पानावरून कशाला उठवतेस?
अजून वाढ.

पुढच्या शनिवारी मीच आधी बोलले.
बाई, आज माझं एक ऐका.
माहेरी खळदला आम्ही शेंगा लावायचो.
भुईमुगाचं पिवळं फूल वर येतं, उजेडात,
एका सकाळपुरतं.
मग त्याच्या बुडातून आरी निघते,
मान खाली घालून जमिनीत शिरते,
आणि अंधारात जाऊन शेंग धरते.
माती भुसभुशीत नसली की आरी वरच वाळते.
त्या दिवसांत आई आम्हाला
वावरात पाऊल टाकू द्यायची नाही.

आरी टेकते, हे बाईंना माहीत असणारच.
पण पायांचं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.
पिशवीतून पेन काढलं,
विजेच्या बिलाच्या पाठीवर लिहिलं,
आणि खाली, कंसात लिहायला,
नाव विचारलं.
सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

हौसा मारुती लडकत, मी म्हटलं.
लडकतमधला ड नीट काढा.

आणि जुडीचे दहा रुपये
मागून घेतले.